उत्तरेकडचं फाटक

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वारा पडला आणि पुढच्या सोमवारी आमच्याकडे पाहुणा आला. दोन्हीपैकी एकच संकट आलं असतं तर मी निभावून नेलं असतं.

पाहुण्याचं नाव प्रेविट. पूर्वेकडच्या कुठल्याशा मासिकाने त्याला आमच्या अख्ख्या नेब्रास्का राज्यावर बारा पानं लिहायला पाठवलं होतं. ओमाहाचा गुरांचा बाजार, प्लॅट नदी, मक्याचा मुलूख असं सगळं बघून तो आता वाळूच्या टेकड्यांत आला होता. आमच्या वाट्याला बारातलं दीड पान येणार होतं. जिल्ह्याच्या शेतकी अधिकाऱ्याने फोनवर विचारलं, चार दिवस ठेवून घ्याल का, आणि मी हो म्हणून बसले.

"ठेव, आर्डिथ," माझा नवरा डेलमर म्हणाला. "खाईल आणि जाईल."

डेलमरचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. जूनमध्ये एका कालवडीने त्याला गोठ्यातल्या खांबावर दाबलं आणि खांदा निखळला. डॉक्टरने आठ आठवडे सांगितले होते. तेव्हापासून गाडी मी चालवत होते, गवत मी कापत होते, आणि डेलमर शेजारी बसून मला गाडी कशी चालवावी ते शिकवत होता.

प्रेविट चाळिशीचा, उंच, स्वभावाने गोड माणूस. टोपी नवी, बूट नवे, आणि खिशात एक वही. पहिल्याच संध्याकाळी त्याने डेलमरला विचारलं, "इतक्या मोकळ्या जागेत तुम्हाला एकटं नाही वाटत?"

डेलमरने बटाटा चावून संपवला. "कोणी आलं की वाटतं," तो म्हणाला.

प्रेविटने ते वहीत लिहून घेतलं. डेलमर विनोद करत होता की नाही ते मलाही कळलं नाही, मग त्याला काय कळणार.

खरं म्हणजे आमचं बोलण्यात लक्षच नव्हतं. आमचं लक्ष पवनचक्कीकडे होतं. आमच्या मुलखात वाऱ्याला सगळे शिव्या देतात, केस विस्कटतात, वाळू डोळ्यांत जाते, बायका वेड्या होतात म्हणतात. पण तोच वारा जमिनीखालचं पाणी वर काढतो. तो पडला की चक्कीची पाती थांबतात आणि हौदाचा तळ दिसायला लागतो. उत्तरेच्या कुरणात आमच्या बासष्ट गायी होत्या, वासरांसकट. रविवारीच तिथल्या हौदात चिखल उरला होता आणि उन्हाचा पारा एकशे चार फॅरनहाइटवर.

म्हणून रविवारी संध्याकाळी डेलमरने आणि मी उत्तरेकडचं फाटक उघडून ठेवलं. फाटक म्हणजे काय, काटेरी तारा आणि चार काठ्या; एका टोकाची काठी खांबाच्या तारेच्या कड्यातून काढली की सगळं गुंडाळून बाजूला टाकायचं. गायींनी उत्तरेला चरायचं आणि त्या फाटकातून खाली सखल कुरणात येऊन पाणी प्यायचं. तिथल्या विहिरीवर पेट्रोलचं इंजिन होतं. ते इंजिन आमच्या लग्नाहून जुनं. रात्रंदिवस चालवलं की ते तापायचं, खोकायचं, तेल गाळायचं.

"हे बंद पडलं तर?" मी विचारलं.

"तर ट्रक बोलवायचे आणि गायी बाजारात," डेलमर म्हणाला.

बावीस वर्षं जोपासलेला कळप. एकेक गाय तिच्या आजीपासून आम्हाला ठाऊक.

"एमिलच्या शेडमध्ये एक इंजिन पडून आहे," मी म्हणाले. "नवंकोरं."

"त्याचं नाव काढू नकोस."

एमिल वेंट आमचा उत्तरेचा शेजारी. त्याच्याशी आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बर्फाचं वादळ आलं, आमच्या कालवडी त्याच फाटकापाशी, एमिलच्या कुंपणाला लागलेल्या कोपऱ्यात अडकून गारठत होत्या, तेव्हा एमिलने फाटक उघडून त्यांना आपल्या झाडांच्या आडोशाला घेतलं. तिथे त्याचा बैल होता. पुढच्या वर्षी आमच्या कोवळ्या कालवडींना त्याच्या बैलाची मोठ्या डोक्याची वासरं झाली आणि सहा कालवडी वितानाच मेल्या. डेलमरने चर्चच्या आवारात, चार लोकांसमोर त्याला सुनावलं, "माझ्या फाटकाला पुन्हा हात लावलास तर बघ." एमिल म्हणाला, "नाही लावणार." झालं. आमच्याकडे अनोळखी माणसाची गाडी समोरून आली तरी सलाम म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. प्रेविटला त्याचं फार कौतुक. पण ही दोन माणसं समोरासमोर आली की दोघांची दहाही बोटं स्टिअरिंगला चिकटलेली.

यात माझी मैत्रीण गेली. एमिलची बायको लेओना आणि मी एका वर्गात होतो. नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर आम्हीही बोलेनाशा झालो, दुकानात भेटलो तर नुसती मान हलवायचो. कशासाठी, ते आज मला सांगता येणार नाही. चार वर्षांपूर्वी ती कॅन्सरने गेली. आम्ही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून परत आलो.

तर प्रेविट. गाडीत जो दाराशी बसतो त्याने उतरून फाटकं उघडायची असतात. डेलमरला हात नाही, मग मंगळवारी सकाळी ते काम पाहुण्याकडे आलं. पहिल्या फाटकाशी त्याने इतका वेळ लावला की मी इंजिन बंद केलं. तार बोटात घुसली, नवी टोपी पडली. मी उतरून दाखवलं, खांदा कसा लावायचा, काठी छातीशी कशी दाबायची, कडं वरून कसं सरकवायचं.

"आणि एक लक्षात ठेवा," मी म्हणाले. "फाटक लावल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. काहीही होवो."

याचा दुसरा अर्धा भाग मी बोललेच नाही. उघडं दिसलेलं फाटक उघडंच ठेवायचं. ते कोण कोणाला सांगतं? आमची पोरं चालायला लागायच्या आत ते शिकतात. तुम्ही पाहुण्याला कधी सांगता का, की विस्तवात हात घालू नका?

तिसऱ्या फाटकापर्यंत त्याला जमलं. लहान मुलासारखा खूश झाला. तळहात दाखवत म्हणाला, "आता मी इथलाच."

दुपारी तो एकटा पायी फिरायला गेला. आम्ही दक्षिणेच्या कुरणात गवत कापत होतो. मंगळवार तसा गेला, बुधवारही तसाच. मी ट्रॅक्टरवर, पाठ घामाने चिकटलेली, नाकात गवताची धूळ, आणि डेलमर एका हाताने दाताळं धरून कडेचं गवत ओढत. त्याला थांब म्हणून सांगायची सोय नव्हती. बुधवारी संध्याकाळी घरी येताना आम्ही सखल कुरणाशी थांबलो. हौद काठोकाठ भरलेला होता. इंजिन शांत, गार, एकसारखं चालत होतं.

"बघ," डेलमर म्हणाला, "उगाच घाबरत होतीस. म्हातारं पुरून उरतंय."

तो त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला, आणि मला बरं वाटलं. बासष्ट गायी पाणी पीत असताना हौद भरलेला कसा, हा विचार आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नाही. वर्षानुवर्षं गायी पाळणारी दोन माणसं आणि अक्कल अशी गहाण पडलेली.

गुरुवारी सकाळी प्रेविट त्याच्या गाडीने हॅडली गावात गेला, ग्रंथालयात जुने कागद बघायला. आम्ही उत्तरेला निघालो. अर्ध्या मैलावरूनच आवाज आला. गायी हंबरत नव्हत्या, घसा बसलेल्या माणसासारखं घरघरत होत्या.

फाटक लावलेलं होतं. कडं नीट वरून सरकवलेलं, अगदी पद्धतशीर. आणि त्याच्या पलीकडे सगळा कळप एकमेकांवर रेलून उभा होता. कुशी आत गेलेल्या, कान लोंबलेले, जिभा जाड आणि करड्या. पाण्याचा वास त्यांना येत होता, म्हणून चरायलाही हलल्या नव्हत्या. कोपऱ्यात म्हातारी लाल गाय आडवी पडली होती, आणि दोन वासरं.

"आधी सगळ्या सोडू नकोस," डेलमर म्हणाला. "चेंगरतील. भसाभसा पितील आणि मरतील. दहा-दहा."

बोलणं सोपं. मी कडं काढलं तसा तो सगळा भार तारांवर आला. मी फाटकाच्या काठीला लोंबकळत होते, डेलमर एका हाताने टोपी फडकावत त्यांच्या तोंडासमोर उभा होता आणि "हो, बाई, हो, थांब" असं म्हणत होता, मोठ्याने नाही, आजारी माणसाशी बोलावं तसं. एका गायीने त्याला निखळलेल्या खांद्यावरच ढकललं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो तिथेच उभा राहिला. दहा सोडल्या, पाजल्या, हाकलल्या. मग पुढच्या दहा. दुपार झाली तोवर माझ्या हातांना तारांनी पट्टे काढले होते. वासरं मात्र गायींपेक्षा बऱ्या अवस्थेत होती. कुंपणाच्या पलीकडे, एमिलच्या बाजूला, तारेखालची वाळू ओली होती. मी ती पाहिली आणि तिथेच सोडून दिली.

डेलमरने दुसरंच पाहिलं. एमिलच्या बाजूने फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत टायरचे ठसे आले होते. एकदा नाही, पाच-सहा वेळा आले-गेलेले.

"चल," तो म्हणाला.

"डेलमर, आधी घरी चल. खांदा बघू."

"चल म्हटलं ना."

एमिल अंगणात होता. पिकअपच्या मागे पिंपं ठेवून नळीने पाणी भरत होता. सत्तरीचा माणूस, वाकलेला, कानावर टोपी. डेलमर खाली उतरलाच नाही. खिडकीतून बोलला. नऊ वर्षांचं सगळं बोलला. सहा कालवडी, दोन वासरं, म्हातारी लाल गाय. मुक्या जनावरांवर सूड काढणारा माणूस माणसात नाही, असंही म्हणाला. मला गाडीच्या फरशीत शिरावंसं वाटलं.

एमिलने नळ बंद केला. "झालं बोलून?"

"झालं."

"मग जा गायींकडे. संध्याकाळी पुन्हा थोडं थोडं पाज."

तो वळून घरात गेला. नाकारलं नाही, काही नाही. परतताना डेलमर म्हणाला, "बघितलंस, एक शब्द नाही निघाला तोंडातून." मीही तेच समजले. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा जेवायला बसलो. प्रेविटची शेवटची संध्याकाळ म्हणून मी गोमांस भाजलं होतं आणि जर्दाळू भरून कोलाचे नावाचे गोड पाव केले होते. उन्हाने तीन जनावरं गेली, एवढंच त्याला सांगितलं. तो मनापासून हळहळला. मग थोडं लाजत विचारलं, "तुमच्याबद्दलचं लिहून झालंय. वाचून दाखवू का? काही चुकलं असेल तर सांगा."

त्याने वाचलं. वाईट लिहीत नव्हता तो. या राज्यात माणसांपेक्षा गायी जास्त आहेत, आणि गायींपेक्षा आकाश. रस्ते इतके सरळ की माणूस वळण विसरतो. बायका बोलतात आणि पुरुष हवामानाबद्दल बोलतात. ते ऐकून मी हसले. डेलमर मान खाली घालून खात होता.

मग प्रेविटने पान उलटलं. "'इथली फाटकं म्हणजे एक विद्या आहे,'" तो वाचू लागला. "'मंगळवारी मी एकटा उत्तरेकडे चालत गेलो तेव्हा एक फाटक कोणीतरी निष्काळजीपणे उघडं टाकलेलं दिसलं. मी ते एकट्याने, पाच मिनिटांत लावलं. माझ्या यजमानांना हे कधी कळणारही नाही, पण त्या दिवशी मी त्यांच्या कामी आलो.'"

माझ्या हातातलं भांडं मी हळूच खाली ठेवलं. डेलमरने चावणं थांबवलं.

प्रेविट वाचतच होता. "'बुधवारी मी त्याच टेकडीवर पुन्हा गेलो. एक म्हातारा शेतकरी पिंपांतून पाणी आणून कुंपणाखालच्या पन्हाळीत ओतत होता आणि वासरं तारेखालून माना घालून पीत होती. पिंपं संपली की तो जाई आणि भरून परत येई. त्या उन्हात मी त्याला चार वेळा येताना पाहिलं. आपल्या जनावरांवर इतकी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.'"

डेलमरने काटा ताटात ठेवला.

"ते म्हाताऱ्याचं पुन्हा वाचा," डेलमर म्हणाला.

प्रेविटने आनंदाने पुन्हा वाचलं. "आवडलं?"

"हो."

"काही चुकलंय का?"

मी तोंड उघडलं. डेलमरने मान इतकी थोडी हलवली की फक्त मलाच दिसली. "नाही," तो म्हणाला. "कोलाचे घ्या अजून. माझ्या आईची कृती आहे."

प्रेविट झोपायला वर गेल्यावर मी डेलमरला सांगितलं. मीच म्हणाले होते, लावल्याशिवाय चढायचं नाही. उघडं असेल तर उघडं ठेवा, हे मी सांगितलं नाही. माझ्यामुळे झालं. डेलमर पायरीवर बसून बुटाचं टोक बघत होता. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याने ओरडायला हवं होतं असं मला वाटलं.

"उद्या एमिलकडे जायचं," एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी प्रेविट गेला. जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवलं आणि आपल्यावरच हसला. भला माणूस. त्याला अजूनही माहीत नाही, आणि आमच्याकडून कळणारही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा एमिल त्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. या वेळी डेलमर उतरला. मी स्टिअरिंगमागेच बसले, काच खाली करून.

"आजही वारा नाही," डेलमर म्हणाला.

"नाही."

"फाटक पाहुण्याने लावलं."

"माहीत आहे. मी बघितलं होतं."

"काल बोलला नाहीस."

"तू बोलत होतास."

डेलमरने डाव्या हाताने टोपी काढली, पुन्हा घातली. "उघडायचंस, एमिल."

"तू हात लावू नको म्हणाला होतास. मी नाही लावणार म्हणालो होतो." एमिल नाडीकडेच बघत होता. "वासरांपुरतं पाणी नेलं. गायींना पुरलं नाही. ती लाल गाय बसली तेव्हा मी कड्याला हात घातला होता. मग काढून घेतला. ते माझं चुकलं. रात्रभर तेच डोक्यात होतं."

"तुझं नाही चुकलं," डेलमर म्हणाला. मग मागे गाडीकडे पाहून, "निदान फोन करायचास. आर्डिथने घेतला असता."

एमिलने मान वर केली. त्याने आधी डेलमरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"एकदा केला होता," तो म्हणाला. "लेओना जायच्या आधी दोन दिवस. तिला आर्डिथशी बोलायचं होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी दार उघडून उतरले.

"कोणी घेतला?" मी विचारलं.

एमिलने डेलमरकडे पाहिलं. डेलमर म्हणाला, "मी." तो जमिनीकडे बघत होता. "त्याचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. पुढचं ऐकलंच नाही. मला माहीत नव्हतं, आर्डिथ, ती... मला माहीत नव्हतं."

मला तो दिवस आठवला. मी घरातच होते, फोनपासून दहा पावलांवर, बरण्यांत चेरी भरत होते, हात कोपरापर्यंत लाल. कोणाचा फोन, असं मी विचारलंही होतं. कोणीतरी चुकून लावला, असं तो म्हणाला होता.

"तिला काय सांगितलंस?" मी एमिलला विचारलं.

"घरी कोणी नाही असं सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, गवताचे दिवस आहेत, कुरणात असेल बिचारी. दमली असेल. नंतर लावू." एमिल उठून उभा राहिला. "नंतर तिला बोलता येत नव्हतं."

मी रडले असते तर बरं झालं असतं. रडू आलं नाही. काल रात्री मी डेलमरसमोर माझी चूक कबूल करत बसले होते, अर्ध्या वाक्याची चूक, आणि हा शेजारी बसून ऐकत होता. चार वर्षं शेजारी झोपत होता. मला त्याच्याकडे बघवेना. आणि मलाच तरी कोणी अडवलं होतं? तिच्या घराचा रस्ता साडेतीन मैल. मी कधी गेले?

"इंजिन कुठे आहे?" मी एमिलला विचारलं.

त्याने शेडकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं आत गेलो. इंजिनावर पोतं टाकलेलं होतं, ते त्याने काढलं. तिथून बाहेर गाडीपर्यंत वीस पावलं होती. एमिलने एक बाजू धरली, मी दुसरी धरली. लोखंडाने माझ्या तळहाताचे कालचे पट्टे पुन्हा उघडले. डेलमर डावा हात पुढे करून आमच्या वाटेत आला.

"बाजूला हो," मी म्हणाले.

तो झाला. आम्ही इंजिन आमच्या पिकअपमध्ये चढवलं, एमिलने दोराने बांधलं आणि स्वतःची अवजारांची पेटी घेऊन मागे, इंजिनाशेजारी चढून बसला. मी स्टिअरिंगमागे बसले. डेलमर दाराशी उभा होता, दार धरून, आत बसू की नको असं तोंड करून. इतक्या वर्षांत मी त्याला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"आर्डिथ," तो म्हणाला.

"बस," मी म्हणाले. "आधी गायींना पाणी. तुझ्याशी मी नंतर बोलेन."